हळदीचे सौदे आणि पायथनची डिक्शनरी : सांगलीतील एका वर्गाविषयी

विश्रामबाग परिसरात शनिवार-रविवारी चालणाऱ्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या एका लहानशा वर्गाविषयीचा हा अभिप्राय मुख्यतः एकाच धड्यावर आधारलेला आहे, तो म्हणजे मजकुराची फाईल वाचून तिची डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्यापुढची माहिती अशा जोड्यांचा साठा, करणे.

सरावासाठी दिलेली फाईल सांगलीकरांच्या चांगल्या ओळखीची होती. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांच्या धर्तीवर तिच्या प्रत्येक ओळीत हळदीचा प्रकार, स्वल्पविराम आणि क्विंटलचा दर असा मजकूर इंग्रजी लिपीत होता. फाईल 'विथ ओपन'ने उघडायची, एकेक ओळ घेऊन 'स्ट्रिप'ने तिच्या टोकांची मोकळी जागा काढायची, 'स्प्लिट'ने स्वल्पविरामापाशी दोन तुकडे करायचे आणि पहिला तुकडा 'की' (जिच्यावरून नोंद शोधली जाते), तर दुसरा 'व्हॅल्यू' (तिच्यापुढची माहिती) म्हणून साठवायचा, ही रीत कुठेही शिकायला मिळते. इथे मात्र सरांनी लगेच डिक्शनरीची लांबी छापायला लावली. एवढ्या मोठ्या फाईलमधून राजापुरी, सेलम अशा जेमतेम काही नोंदीच उरल्या होत्या, कारण एकच 'की' पुन्हा आली, तर पायथन आधीचा दर चकार शब्द न काढता पुसतो आणि शेवटचा तेवढा ठेवतो. त्यानंतर 'सेटडिफॉल्ट' वापरून प्रत्येक प्रकारापुढे दरांची यादी कशी बांधायची हे शिकवले गेले, तेव्हा त्या पद्धतीची गरज वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

दर आकड्यांत न बदलता मजकूर म्हणूनच ठेवले, तर 9800 हा दर 14200 पेक्षा मोठा ठरतो, हेही त्याच तासात दाखवले गेले. फाईलमध्ये मुद्दाम सोडलेली कोरी ओळ आणि आपल्या सवयीप्रमाणे '14,200' असा स्वल्पविराम घालून लिहिलेला दर यांमुळे प्रोग्राम दोनदा अडला. त्यावर कोऱ्या ओळी वगळणे, 'स्प्लिट'ला एकदाच तोडण्याची मर्यादा घालणे आणि दरातला स्वल्पविराम काढून मग तो मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या 'इंट'ला देणे हे उपाय विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतले गेले. स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाईली वाचणाऱ्या सीएसव्ही मॉड्यूलचा उल्लेख ओझरता झाला. तेवढा पुरेसा होता.

तक्रार देवनागरीविषयी आहे, आणि ती किरकोळ नाही. तीच फाईल मराठीत लिहून युटीएफ-8 या सर्व लिप्यांना चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीत साठवली आणि एन्कोडिंग, म्हणजे ती सांकेतिक पद्धत कोणती हे, न सांगता उघडली, तर विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत 'राजापुरी'मधल्या उकारापाशीच वाचन थांबते, कारण त्या उकाराचा एक बाइट सीपी-1252 या विंडोज तिथे गृहीत धरत असलेल्या जुन्या सांकेतिक तक्त्यात बसतच नाही. 'सेलम'ची गोष्ट त्याहून वाईट, कारण तो शब्द विनातक्रार वाचला जातो आणि डिक्शनरीत निरर्थक चिन्हांची 'की' होऊन बसतो. 'ओपन'मध्ये एन्कोडिंग युटीएफ-8 असे स्पष्ट लिहिले की दोन्ही अडचणी सुटतात, तरीही याविषयी विचारल्यावर हा विषय पुढच्या अभ्यासक्रमात येईल असे उत्तर मिळाले. पायथनच्या 3.15 आवृत्तीपासून युटीएफ-8 हेच मूळ गृहीत असणार असले, तरी वर्गातील संगणकांवरची आवृत्ती त्याआधीची आहे. शिवाय 'इंट' हे '१४२००' असे देवनागरी आकडेही बिनतक्रार स्वीकारते, ही मराठी विद्यार्थ्याला सुखावणारी सोयही सांगायची राहून गेली.

शुल्क वाजवी आहे आणि ते हप्त्यांनी भरता येते. वर्गातील संगणकांवर मराठी कीबोर्ड बसवलेला नसल्यामुळे देवनागरीत काम करू इच्छिणाऱ्यांनी स्वतःचा लॅपटॉप नेणे बरे.