बेइयांग ताफा: तिसरी चिलखती नौका की दोन क्रूझर?

युद्धाच्या सिम्युलेशनमध्ये १८८८ नंतरही बेइयांग ताफ्याला, म्हणजे चीनच्या उत्तरेकडच्या आरमाराला, पैसा मिळत राहिला असं धरलं, की बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: ‘दिंगयुआन’सारखी तिसरी चिलखती नौका घ्यायची, की तेवढ्याच टनेजमध्ये साडेतीन हजार टनांच्या दोन क्रूझर, म्हणजे हलक्या, वेगवान युद्धनौका?

मार सोसण्यात चिलखती नौकेला तोड नाही. जपानशी झालेल्या १७ सप्टेंबर १८९४ च्या यालूच्या लढाईत ‘दिंगयुआन’ आणि ‘झेनयुआन’ शेकडो गोळे खाऊनही तरल्या. मुख्य चिलखत भेदलं गेलं नाही. त्याच दिवशी सुमारे २,३०० टनांची ‘झीयुआन’ क्रूझर बुडाली.

माऱ्यात चित्र उलटं. ३०५ मिमीच्या क्रुप तोफा काही मिनिटांतून एकदा डागतात. तेवढ्यात शीघ्रगती तोफा डेकवरची माणसं आणि लाकूडकाम उद्ध्वस्त करतात. शिवाय १४-१५ नॉट वेगाने २३ नॉटची जपानी क्रूझर ‘योशिनो’ गाठता येत नाही, लढाई कधी थांबवायची हे तीच ठरवते.

खरी मेख गोदीत आहे. एवढ्या मोठ्या जहाजांना पुरेशी सुकी गोदी (पाणी काढून जहाजाचा तळ दुरुस्त करायची जागा) लुशुन बंदरात, तीही १८९० पासून. १८९४ च्या नोव्हेंबरात ताफ्याच्या वेइहायवेई बंदरात ‘झेनयुआन’चा तळ खडकावर फाटला, लुशुन जपानकडे जात असल्याने तिला गोदीत घेताच आलं नाही. तिसरी नौका घेणार असाल तर दुसऱ्या गोदीचा खर्च आधी बाजूला काढा. हा खर्च बहुतेक आराखड्यांत राहूनच जातो.

बंदर राखायचं, सैन्यवाहू जहाजांना संरक्षण द्यायचं, तर चिलखती नौका. जपानची रसद तोडायची, तर किमान १९ नॉटच्या दोन क्रूझर, १२० मिमी शीघ्रगती तोफा आणि भरपूर स्फोटक गोळे.