खेड्यात राहून ग्रंथप्रकाशनाचा अभ्यास : इग्नूची पदव्युत्तर पदविका

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची ग्रंथप्रकाशनातील पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते, त्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या गावात शाळेची नोकरी आणि धानाची शेती सांभाळून मला ती पूर्ण करता आली. संपादन, निर्मिती, वितरण हे विषय त्यात आहेतच; परंतु मला सर्वाधिक मोलाचा वाटला तो कायद्याचा भाग. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो, तसेच १९५४ च्या कायद्याप्रमाणे नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे स्वखर्चाने पाठवावी लागते, या गोष्टी पदरमोड करून झाडीबोलीतील कवितासंग्रह छापणाऱ्या आमच्याकडच्या कवींपर्यंत पोहोचायलाच हव्यात. १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, भारतात विनाशुल्क मिळतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. तालुक्याच्या गावी छापखाना चालवणाऱ्या किंवा दिवाळी अंक काढणाऱ्या पदवीधरांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा, असे मी आग्रहाने सांगेन. माध्यम इंग्रजी असल्याने सुरुवात जड जाते. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आणि बोलीतील रूपे मुद्रितशोधनात कशी राखावीत, हे मात्र एखाद्या जाणत्या मराठी मुद्रितशोधकाजवळ बसून वेगळे शिकावे लागते.