३,२०० रुपयांचा ‘बिलेट’ रिअरसेट

जुलैत लोणावळ्याहून येताना मोटारसायकल आडवी झाली आणि उजवा फूटरेस्ट ब्रॅकेटसकट मोडला. कंपनीचा पार्ट यायला तीन आठवडे. म्हटलं, मोडलाच आहे तर रिअरसेटच (फूटरेस्ट आणि पॅडलचा वेगळा सेट) टाकू; पाय जरा मागे-वर येतात, वळणावर फूटरेस्ट घासत नाही. शनिवारी पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठली.

पहिल्या दुकानात साडेनऊ हजार. दुसऱ्यात ३,२००. “दादा, माल तोच. नावाचे पैसे कशाला देता?” फोमच्या खोक्यात काळा कुळकुळीत सेट, ब्रेक पॅडलवर लेझरने कोरलेलं ‘सीएनसी बिलेट ६०६१-टी६’, म्हणजे ६०६१ जातीच्या मजबूत ॲल्युमिनियमच्या भरीव सळईतून मशीनने कोरून काढलेलं. हातात चांगला जड लागला. मला वाटलं, दणकट आहे. (त्या जडपणातच सगळी मेख होती, ते पुढे कळलं.)

सातव्या आठवड्यात ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक दाबला आणि पाय एकदम मोकळाच खाली गेला. पॅडल लोंबकळत होतं. पुढचा ब्रेक आणि खालचा गिअर, यांच्या जिवावर गाडी कडेला घेतली. मागून एसटी येत होती, त्याबद्दल न बोललेलं बरं.

पॅडल ज्या बोल्टवर फिरतं, त्या भोकापाशीच तुटलं होतं. तुटलेली कड ओल्या साखरेच्या ढेकळासारखी, करडी, रवाळ. शेजारचे काका भोसरीत मशीन शॉपमध्ये होते. त्यांनी तुकडा उलटा केला आणि म्हणाले, “अरे, ही ओतीव वस्तू आहे.” आतल्या बाजूला साच्याची बारीक शीर होती आणि पिनांचे गोल ठसे. सळईतून कोरलेल्या भागावर कटरच्या रेघा दिसतात, ठसे नाहीत. शिवाय ६०६१ आधी वाकतं, असं कटकन तुटत नाही. भोकात बुशही (झीज सोसणारी आतली नळी) नव्हता, बोल्ट थेट धातूवर घासत होता. बोल्टच्या डोक्यावर ८.८ वगैरे मजबुतीचा आकडा नाही, कोरं.

मग घरच्या वजनकाट्यावर तुकडा ठेवला: २६४ ग्रॅम. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य केला आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरला. काटा ४० दाखवू लागला, म्हणजे तुकड्याएवढ्या जागेतल्या पाण्याचं वजन ४० ग्रॅम. २६४ भागिले ४० म्हणजे पाण्याच्या ६.६ पट जड. ॲल्युमिनियम असतं तर २.७च्या आसपास आलं असतं. माझ्या पायाखाली जस्ताचा मिश्रधातू होता, वर काळा रंग. बायकोने विचारलं, हे घ्यायच्या आधी का नाही केलं? उत्तर नव्हतं.

दुकानदार म्हणाला, “तुम्ही गाडी पाडली असणार.” ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, हेही कळलं. पण माझ्या बिलावर लिहिलंय ‘फूटरेस्ट सेट, १ नग’. बिलेटचा उल्लेख नाही, ६०६१चा नाही. कोरलेली अक्षरं तेवढी आहेत, तीही तुटलेल्या तुकड्यावर. तक्रार टाकलीय, बघू.

आता साडेनऊ हजारांचाच घेतला. फिटिंगआधी पाण्यात बुडवून पाहिला आणि बिलावर धातूचं नाव लिहून मागितलं. दुकानदार कुरकुरला, पण लिहिलं.