नागलीच्या पिठाची बटर कुकी: पीठ कसं आहे आणि कढईत कशी भाजायची

नाशिकमध्ये बचत गटांच्या स्टॉलवर पेठ-सुरगाण्याकडच्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मिळतं. नाताळात मैदा न चालणाऱ्यांसाठी बटर कुकी करायची तर हे पीठ कसं आहे? चवीला उत्तम, दळणाला मध्यम. ज्यांना सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांनी मात्र चौकशी केल्याशिवाय अजिबात घेऊ नये.

आधी दळणाचं बघू. हे पीठ भाकरीसाठी दळलेलं असतं, चिमटीत चोळलं की रवाळ कण लागतात. भाकरीत ते उकळत्या पाण्याने मऊ पडतात. कुकीत पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते तसेच राहतात आणि दाताखाली कचकच येते. बारीक जाळीच्या चाळणीने दोनदा चाळा, वर राहिलेलं जाड पीठ आंबिलीत जाऊ द्या. पिशवीवर ‘मोड आणलेली नागली’ लिहिलं असेल तर ती कुकीला घेऊ नका. मोड येताना धान्यातला स्टार्च तुटून गोडी वाढते, म्हणून कुकी लवकर करपते आणि जास्त पसरते.

नुसत्या नागलीची कुकी काळपट, कोरडी होते. जोडीला मोदकाची तांदळाची पिठी घ्या. ती साध्या तांदळाच्या पिठापेक्षा कितीतरी मऊ असते, आणि हा एक बदल कुकीचा पोत सुधारायला पुरतो.

प्रमाण ३:२:१ लक्षात ठेवा, म्हणजे पीठ १५० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम. पिठात मोदकाची पिठी ८०, चाळलेली नागली ५० आणि कॉर्नफ्लोर २० ग्रॅम. काटा नसेल तर १५ मिलीच्या चमच्याने सपाट मोजा: पिठी ८ चमचे, नागली ६, कॉर्नफ्लोर अडीच, साखर ७. बटर १०० ग्रॅमच्या पाकिटातलं आख्खं. ते खारं असेल तर वेगळं मीठ नको. ग्लुटेन नसल्यामुळे पीठ धरून ठेवायला काहीतरी लागतं, त्यासाठी एक छोटा चमचा इसबगोल एक मोठा चमचा दुधात भिजवा. बेकिंग पावडर नको, त्याने कापाचा आकार बिघडतो.

डिसेंबरात निफाडचा पारा उतरतो तेव्हा नाशिकमध्येही ओट्यावरचं बटर दगडासारखं राहतं. बटरची वाटी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, बोटाने खड्डा पडायला लागला की लगेच काढा. वितळू दिलंत तर पीठ सावरायच्या आधीच बटर बाहेर येतं आणि कुकीची पातळ चकती होते. लाकडी डावाने बटर-साखर पाच मिनिटं पांढरट होईपर्यंत फेसा, त्यात इसबगोल आणि पीठ हलक्या हाताने मिसळा. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्या वेळात पीठ ओलावा पितं, मग काप तुटत नाहीत. बटर पेपरमध्ये ४ सेंमी जाडीची वळी करून तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि जाड दोऱ्याने ७-८ मिमीचे काप काढा. साचा, लाटणं काहीच लागत नाही.

ओव्हनऐवजी जाड बुडाची जुनी कढई घ्या. तळाला बोटभर मीठ, वर स्टीलचं कडं, घट्ट झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग बटर पेपर लावलेली स्टीलची ताटली ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं भाजा. कुकर कोरडा तापवू नका, भांडं खराब होतं. बाराव्या मिनिटाला झाकणाला आतून आलेलं पाणी पटकन पुसा, नाहीतर थेंब पडून कुकी वरून ओलसर राहते.

नागली मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजणं कळत नाही. कड कोरडी झाली, मधे किंचित दबते आणि खालची बाजू एक छटा गडद दिसते, की गॅस बंद. ताटली बाहेर काढा, पण गरम कुकी उचलू नका, भुगा होतो. दहा मिनिटं तशीच राहू द्या. पुरती गार झाल्यावरच घट्ट डब्यात भरा.

आता शुद्धतेचं. नागलीत ग्लुटेन नसतं, पण ज्या जात्यावर गहू दळला जातो त्याच जात्यावर ती दळली तर गव्हाचं पीठ मिसळतंच. आपल्याकडे ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. या पिशव्यांवर बहुतेक वेळा तसं काही लिहिलेलं नसतं. म्हणून स्टॉलवर सरळ विचारा, “ताई, दळण कुठे होतं, तिथे गहूही दळतात का?” उत्तर ‘हो’ आलं तर सिलिअॅकवाल्यांनी तपासणीचं लेबल असलेलं बंद पाकीटच घ्यावं, आणि मोदकाची पिठीही तशीच. चाळणीही नवीन घ्या. पोळ्यांच्या कणकेची चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीच्या कडेला पीठ अडकून बसतं.