पोप की जॉन्सन, आधी कोणाला वाचायचं?

माणूस म्हणजे नक्की काय प्रकरण आहे यावर अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधे दोघांनी यमकी जोडओळींत लिहिलंय, अलेक्झांडर पोपचं 'एसे ऑन मॅन' (१७३३-३४) आणि सॅम्युअल जॉन्सनचं 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' (१७४९).

पोप वाचायला मस्त, कुठल्याही दोन ओळी उचला, सुभाषितासारख्या सुट्या निघतात, पण म्हणणं काय तर जे आहे ते बरोबरच आहे, आपल्याला अख्खं चित्र दिसत नाही एवढंच. मला काही हे पटत नाही. पण लिहिणारा कोण, तर लहानपणापासून मणक्याच्या आजाराने वाकलेला, जेमतेम साडेचार फुटी, त्यात कॅथलिक म्हणून विद्यापीठाचं दार बंद, त्यामुळे सुखवस्तू माणसाची बडबड म्हणून उडवताही येत नाही राव.

जॉन्सन सिद्धांत बाजूला ठेवून थेट माणसंच उभी करतो. सांगाडा रोमन कवी जुवेनलच्या दहाव्या उपहासकवितेचा, पण आत इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा बलाढ्य मंत्री, मग कोसळलेला कार्डिनल वुल्झी, आणि स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स, जग गाजवायला निघालेला नि १७१८ मधे एका किरकोळ किल्ल्यापाशी संपलेला. विद्वानाच्या नशिबी येणाऱ्या त्रासांच्या यादीत आधी 'माळ्यावरची खोली' होती, त्याचा आश्रयदाता म्हणवणाऱ्या उमराव लॉर्ड चेस्टरफील्डशी वाजल्यावर त्याने तिथे चक्क 'आश्रयदाता' घातलं! भाषा मात्र दाट, दोनदा वाचावं लागतं.

माझं मत जॉन्सनला. पण सुरुवात पोपच्या दुसऱ्या भागापासून करा, पहिला नंतर वाचला तरी चालतो.