घाट चढावा की उतरावा? कोकणात सायकल नेणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा कोकणात सायकल न्यायची म्हटली की बेत दोनच निघतात. देशावरून घाट उतरून समुद्र गाठायचा, नाहीतर खालून निघून घाट चढायचा. निवडताना बहुतेक जण अंतर बघतात, मुक्कामाची सोय बघतात. मनातला खरा सवाल मात्र वेगळाच असतो. चढ मारण्यात खरंच मजा येते का, की पुढे उतार आहे या आशेवर सगळे तो सोसतात?

माझं मत आधीच सांगून टाकते. उतार जवळजवळ प्रत्येकाला आवडतो, आणि पहिल्याच दिवशी आवडतो. चढाची गोडी लागायला वेळ लागतो, काहींना ती कधीच लागत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण कोकणातला बेत चढाकडे बघूनच आखावा, कारण तुमचा दिवस तिथेच जाणार आहे.

सहा किलोमीटरचा एक चढ घ्या. ताशी ८ किलोमीटरने चढलात तर ४५ मिनिटं लागतात. तोच रस्ता ताशी ३६ ने उतरलात तर १० मिनिटं. म्हणजे ५५ मिनिटांतली ४५ चढावर गेली. दोन्हींची सरासरी २२ येईल असं वाटतं, ती येते जेमतेम १३. आता उतारावर जीव मुठीत धरून ३६ ऐवजी ५० ने आलात, तर वाचतात तीन मिनिटांहून कमी. उलट चढावर ८ ऐवजी ९ ने गेलात, तर पाच मिनिटं वाचतात. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढू, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी १५ च्या जरा खाली. सपाटीवर हे फारसं जड नाही. कोकणातल्या चढउतारांवर हीच सरासरी हातातून निसटत जाते, आणि ती निसटते चढावर.

कोकणात चढही दोन जातींचे आहेत, त्यांची गल्लत करू नये.

एक सह्याद्रीचे घाट: कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली. लांब, सलग, एकदा लय लागली की लागली. दुसरे किनाऱ्यालगतचे. नकाशावर रेवस ते रेडीचा सागरी मार्ग समुद्राला चिकटून जाताना दिसतो, आणि नवखा माणूस समजतो की किनारा म्हणजे सपाट. प्रत्यक्षात इथली जमीन जांभ्या दगडाच्या सड्यांची, म्हणजे उंच सपाट पठारांची आहे आणि ते सडे खाड्यांनी चिरलेले आहेत. रस्ता खाडीपाशी समुद्रसपाटीला येतो, सड्यावर चढतो, पुन्हा खाली वाडीत येतो, पुन्हा चढतो. शंभर मीटरचे असे दहा चढ दिवसभरात झाले की हजार मीटर भरतात. सावंतवाडीहून आंबोली गाठायला साधारण सहाशे मीटर चढावं लागतं. म्हणजे ‘घाट नको, किनाऱ्याने जाऊ’ म्हणणारा माणूस दिवसाअखेर घाटापेक्षा जास्त चढलेला असू शकतो.

आणि किनाऱ्याचा उतार त्या चढाची परतफेड करत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घाटातला उतार लांब असतो, पुढचं वळण दिसतं, सायकल सोडता येते. किनाऱ्यावरचा उतार सुरू होतो न होतो तोच गडगा, देऊळ, शाळा, गतिरोधक, रस्त्यात बसलेली गुरं. वेग घेऊन समोरच्या चढावर निम्मं तरी फुकट चढून जावं, तर तळाला अरुंद पूल किंवा भर वस्ती. कमावलेला वेग ब्रेकमध्ये जातो. काही ठिकाणी पूलही नाही, जेटीच आहे. दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. बोटीत सायकल टेकवून बसायला छान वाटतं, पण तेवढ्यात पाय गार पडतात आणि उतरलात की समोर चढ उभा असतो. अशा ठिकाणी पहिला अर्धा किलोमीटर मुद्दाम हलक्या गिअरवर, अगदी सावकाश काढावा.

मुक्काम वर करावा की खाली, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. दापोली घ्या. गाव दोनशे मीटरांहून उंचावर, आणि कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले सगळं खाली समुद्रापाशी. दापोलीत राहिलात तर सकाळ उताराने सुरू होते, फार सुखाची. पण संध्याकाळी समुद्रात खेळून, मासे-भात खाऊन, अंगावर मीठ घेऊन परत चढायचं असतं. मुरूडला राहिलात तर सकाळी उपाशीपोटी चढ, पण ताज्या पायांनी आणि गार हवेत. मी कोणालाही खालचाच मुक्काम सुचवीन. दमलेल्या पायांना शेवटी चढ देणं ही दिवसाची सगळ्यात वाईट मांडणी आहे.

आता अंगाला काय होतं ते पाहू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर शंभर मीटर उंची चढायला साधारण ७८ किलोज्यूल काम करावं लागतं. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामाला लावू शकतं, बाकीची उष्णता होते. म्हणजे दर शंभर मीटरला पाऊणशे कॅलरी जातात, आणि त्यातल्या तीन हिश्शांनी तुम्ही फक्त तापता. सपाटीवर हा ताप वाऱ्याने निघून जातो. ताशी ८ च्या वेगाला वारा नसतो, आणि कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. पुण्या-कोल्हापूरकडचे चांगले तयारीचे सायकलस्वार इथल्या छोट्या चढावर गळपटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा पायांत नसतं, हवेत असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ, सकाळी दहाच्या आत मोठा चढ संपवणं, आणि साखर-मीठ घातलेलं कोकम सरबत, या तीन गोष्टींनी बराच फरक पडतो. खिशात आंबापोळी किंवा फणसपोळी ठेवा. ती विरघळत नाही, चावायला वेळ लागत नाही.

गिअरचंही इथेच सांगते. पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागच्याला ३२ असतील, तर पेडलच्या मिनिटाला साठ फेऱ्या मारून सायकल ताशी ८ च्या आसपास जाते. आठ टक्क्यांच्या चढावर त्यासाठी सुमारे दीडशे वॅट लागतात. हे रोज सायकल चालवणाऱ्याला जमतं, नव्याला दहा मिनिटांत धाप लागते. त्याला याहून हलका गिअर हवा. चढ आवडत नाही म्हणणाऱ्या कित्येकांना चढ नव्हे, चुकीचा गिअर छळत असतो. मागे मोठी कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) बसवून बघा, मग मत ठरवा. आणि उतरून सायकल ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही.

उताराची किंमत वेगळी असते, ती श्वासातून जात नाही म्हणून लक्षात येत नाही. सहाशे मीटर चढताना जितकी ऊर्जा तुम्ही सायकलला दिलीत, तितकीच उतरताना कुठेतरी जायला हवी. काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. रिमवर (चाकाच्या कडीवर) घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणाआधी जोरात ब्रेक लावावा, वळणात सोडावा, पुन्हा पुढच्या वळणाआधी लावावा. पुढचा ब्रेक जास्त काम करतो. त्याची भीती बाळगून फक्त मागचा दाबणारे लोक लांब उतारावर मागचं चाक घसरवतात. मनगटं आखडतात, मान अवघडते, घामाने भिजलेला शर्ट अंगाला गार लागतो. आठ टक्क्यांच्या सरळ उतारावर ब्रेक न लावता सायकल सोडली तर वेग पन्नाशीकडे सरकतो. त्या वेगात रस्त्यातला एक खड्डा किंवा वळणावर सांडलेली खडी पुरते.

तरीही उताराचा आनंद खोटा नाही, आणि तो फुकटचाही नाही. उतरणं ही स्वतंत्र कला आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन भागात काही तरुण जुन्या, जड सायकली ट्रकमध्ये टाकून डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने शर्यत लावून खाली येत. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी असे, त्यामुळे तिथलं ग्रीस तापून उडून जाई, दरवेळी ते नव्याने भरावं लागे. आजच्या माउंटन बाइकच्या घडणीत या मंडळींचा मोठा वाटा आहे. उताराच्या ओढीतून एक आख्खी सायकल जन्माला आली. दुसरीकडे टूर द फ्रान्समध्ये १९३३ पासून सर्वोत्तम चढणाऱ्याला वेगळं बक्षीस आहे, १९७५ पासून त्याला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. त्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चालता चालता चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी मिळाली १९३७ मध्ये. त्याआधी स्पर्धक चढाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून, दुसऱ्या बाजूचं दातेरी चक्र वापरायला ते उलटं बसवून पुढे जात. सर्वोत्तम उतरणाऱ्यासाठी तिथे अशी जर्सी नाही. मला ते पटतं, कारण उताराला बक्षीस लावलं तर माणसं जीव धोक्यात घालतील.

मला स्वतःला चढ जास्त आवडतो, आणि त्याचं कारण दम किंवा जिद्द नाही. चढावर कोकण भेटतं. जानेवारी-फेब्रुवारीत काजूच्या मोहोराचा वास येतो तो ताशी ८ ला, ३६ ला नाही. आंबोलीच्या झाडीत शीळ घालणारा कस्तूर ऐकू येतो, कारण कानात वारा नसतो. बांधावरची बाई ‘खंयसून?’ (कुठून?) विचारते आणि उत्तर द्यायला, दोन शब्द बोलायला वेळ असतो. उतारावर डोळे रस्त्याला खिळलेले असतात, आणि तसेच असायला हवेत. ज्याने उतरताना दरी बघितली त्याने रस्ता बघितला नाही. त्यामुळे ‘उतरताना निसर्ग बघू’ हा बेत करू नका. बघायचं असेल तर थांबा, सायकल कडेला घ्या, मग बघा. रिमही तेवढ्यात गार होते.

पावसाळ्याचा नियम माझ्यापुरता सरळ आहे: चढ हो, उतार नाही. जून ते सप्टेंबर घाटात शेवाळ धरतं, तांबडी माती रस्त्यावर वाहून येते, दरडी कोसळतात, ओल्या रिमवर ब्रेक उशिरा पकडतो. चढताना मात्र हवा गार असते आणि तापलेलं अंग पाऊसच निववतो. दरडीची बातमी नसेल तेव्हाच चढून जावं आणि परत येताना सायकल टेम्पोत किंवा एसटीवर टाकावी.

तर निवड कशी करायची?

लांब चढाची सवय नसेल, हा पहिलाच प्रवास असेल, तर घाट उतरून या. कोल्हापूरकडून आंबा घाटाने साखरप्याला उतरा आणि तो दिवस तिथेच किंवा जवळपास संपवा. खाली आलं की संपलं असं समजू नका. साखरप्यापासून रत्नागिरीपर्यंतचा रस्ताही वरखाली होतच राहतो आणि ट्रक भरपूर असतात. परतीला रत्नागिरीहून कोकण रेल्वेने सायकल ब्रेकव्हॅनमध्ये पार्सल करता येते. आधी स्टेशनवर चौकशी करून ठेवा.

चढाची थोडी सवय असेल तर सावंतवाडीहून आंबोली करा. दाणोलीपर्यंत पाय मोकळे होतात, तिथून घाट लागतो, आणि तो छाती फोडणारा नाही. वर ६९० मीटरवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी धुकं निवळल्यावर उतार. चढ आणि उतार दोन वेगळ्या दिवशी आल्याने दोन्हींना न्याय मिळतो, आणि तुम्हाला नेमकं काय आवडतं हे या एका फेरीतच कळतं.

चढ मुळीच नको असेल तर सागरी मार्गाच्या वाटेला जाऊ नका. अलिबाग–नागाव–रेवदंडा हा वाड्यांमधून जाणारा पट्टा किंवा मालवण–तारकर्ली–देवबाग घ्या. दोन्ही सपाट, दोन्ही सुंदर. आणि सगळा किनारा करायचाच असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. हिवाळ्यात, उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीशी राहतो.

जोडीने किंवा गटाने जाताना आवडी जुळत नाहीत, हे धरूनच चला. भेटायची जागा नेहमी चढाच्या माथ्यावर ठरवावी, एखादी टपरी बघून. उताराच्या तळाशी ठरवली तर मागचा माणूस गाठण्यासाठी वेगात उतरतो. पुढे पोचलेल्यांनी मागच्याला चहा पिऊ द्यावा, दम खाऊ द्यावा आणि मगच निघावं. तो टेकताक्षणी ‘चला’ म्हणू नये.