पुडीनं बरं वाटतं, तीच गोम

खान्देशात आठवडे बाजार, यात्रा, बसस्टँडचा कोपरा, कुठंही पुडीवाले मधुमेह्याला गाठतात. ‘आठ दिनमा पायनी आग थांबी जाई,’ म्हणत बिनलेबलच्या पुड्या आणि डोळ्यांत घालायचे थेंब हातात देतात. आणि चार-आठ दिवसांत बरं वाटतंही! माणूस फसतो तो इथंच.

अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड कुटून घातलेलं असू शकतं. अंगदुखी दबते, भूक लागते, तरतरी येते. साखर मात्र चढते. ती झाकायला कधी ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषधही मिसळतात, तेही बिनमापाचं. मग जेवण चुकलं की साखर फार उतरून म्हातारं माणूस घामानं डबडबून कोसळतं आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा.

पायाच्या आगीवरच्या डॉक्टरांच्या गोळ्या यापुढे फिक्या वाटणारच. प्रेगाबालिन 75, ड्युलोक्सेटिन 30 किंवा 60, रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम. मात्रा हळूहळू वाढवतात, गुण यायला आठवडे लागतात, झोप नि चक्कर येते. त्यांनी आग आणि मुंग्या कमी होतात, बधिरपणा जात नाही. मेथिलकोबालामिनची, म्हणजे बी-12 जीवनसत्त्वाची, लाल इंजेक्शनं सरसकट टोचून घेण्यातही अर्थ नाही. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेऊन बी-12 घटलं असेल, तर त्याचा उपयोग. आणि वैशाखात यावल-रावेरच्या केळीबागेत बधिर पायानं अनवाणी फिरणाऱ्याला तर गोळीआधी चप्पल हवी, रोज रात्री तळवे पाहणारं कुणी हवं.

डोळ्यांची फसवणूक आणखी बेमालूम. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-ओसरतं, चष्म्याचा नंबर हलतो. चार दिवस साफ दिसलं की श्रेय थेंबांना! बिघाड असतो मागच्या पडद्यावर, गळणाऱ्या रक्तवाहिन्यांत. त्याला लेसर किंवा डोळ्यात बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅबसारखी इंजेक्शनं लागतात, सुरुवातीला बहुधा महिन्याला एक. पडदा दुखत नाही, म्हणून थेंबांवर वर्ष निघून जातं. थेंबांत स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाबही वाढतो. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी दरवर्षी करावी. जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत.

पाकिटावर बॅच नंबर, मुदत, परवाना क्रमांक नसेल तर घेऊ नका. मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं गुन्हा आहे. महिनोन्‌महिने पुडी खाल्ली असेल तर ती मनानं एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक तुटलं तर रक्तदाब कोसळतो. उरलेली पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, थोडी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसाठी राखा.